मी मागितलेले पेढे

परक्या माणसाकडे मी आयुष्यात एकदाच पेढे मागितले, आणि त्यापायी एका पोरीची नोकरी गेली. म्हातारी वाढवून सांगतेय असं वाटत असेल, तर थोडं थांबा. पुढे वाचाल तेव्हा कळेल की माझ्या मूर्खपणाला वाढवायची गरज कधीच पडली नाही.

तेव्हा मी चाकणकडच्या एका खासगी रुग्णालयात रेकॉर्ड रूम सांभाळत होते. वय चाळिशीच्या पुढे, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. केसांना कलप, गळ्यात चष्म्याची साखळी, टेबलावर स्वतःच्या नावाची पाटी. आणि मनात अशी पक्की समजूत, की या सगळ्या इमारतीत माणुसकी जर कुठे शिल्लक असेल तर ती आमच्या खिडकीत. येणाऱ्या प्रत्येकाला मी हसून विचारायची, "काय हवंय, बाळा?" ती बाई आज समोर आली ना, तर तिची ती साखळी धरून मी विचारीन, "तुला काय हवंय, बाळा? थोडी अक्कल देऊ का?"

रेकॉर्ड रूम म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, आणि ते बरंच आहे. पेशंट घरी गेला की त्याची फाईल आमच्याकडे येते. केसपेपर, डॉक्टरांच्या नोंदी, रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट, ऑपरेशनच्या संमतीचे कागद, सिस्टरचे तापाचे तक्ते. ते सगळं क्रमाने लावायचं, टाके मारायचे, नंबर टाकायचा, रॅकवर चढवायचं. पुढे कुणाला विम्यासाठी, कोर्टासाठी, दुसऱ्या डॉक्टरला दाखवण्यासाठी नक्कल लागली, की ती काढून द्यायची. म्हटलं तर कारकुनी. पण माणूस जे बायकोला सांगत नाही, आईला सांगत नाही, ते पडद्याआड डॉक्टरला सांगतो. डॉक्टर ते लिहितो. आणि ते लिहिलेलं चार दिवसांनी माझ्या हातात येतं. गावच्या चावडीवर बसणाऱ्यांना जन्मभर जे कळत नाही, ते मला टाके मारता मारता कळायचं. एवढं सगळं जिच्या हातात, त्या बाईला रुग्णालयाने शिकवलं काय होतं? टाके कसे मारायचे ते.

आता आमच्या पट्ट्यातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यात कुणी चक्कर येऊन पडलं की त्याला रुग्णालयात घेऊन येतो तो ठेकेदाराचा माणूस. घरचे असतात परभणीला, जळगावला, नाहीतर कोकणात. आमच्या केसपेपरवर 'सोबत आलेल्या नातेवाइकाचे नाव' असा एक रकाना होता. तो रिकामा ठेवला की कॉम्प्युटर पुढे सरकायचाच नाही. मग जो उभा असेल त्याचं नाव घालायचं. नातं? घाला, भाऊ. या हिशेबाने एका ठेकेदाराच्या माणसाला आमच्याकडे सगळ्या जातींची, सगळ्या आडनावांची, निम्म्या महाराष्ट्रातली भावंडं होती. सगळे त्याला बाळूदादा म्हणत. निदान मी इथे तसं म्हणते. त्याचं खरं नाव लिहीत नाही. त्याची अब्रू जाईल म्हणून नव्हे, संपादकांना वकिलाची नोटीस नको म्हणून.

आणि जिची ही गोष्ट, तिला मी सविता म्हणते. हेही तिचं नाव नाही. त्याचं कारण मात्र वेगळं आहे.

सविता मराठवाड्यातली. वायरिंगचे जुडगे बांधायच्या लाइनवर ठेकेदारामार्फत कामाला. शिफ्टभर उभ्याने काम. नवरा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये, राहायला निघोज्यात भाड्याची खोली. एका दुपारी ती लाइनवरच कोसळली. कंपनीच्या ॲम्ब्युलन्समधून बाळूदादा तिला घेऊन आला. सलाइन लावलं, तपासण्या केल्या, संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूदादा माझ्या खिडकीवर हजर.

"मावशी, कालच्या पेशंटचे कागद लागतेत. कंपनीत जमा करायचेत."

मी रजिस्टर बघितलं. नातेवाईक : बाळूदादा. नातं : भाऊ. फाईल काढली. वर डिस्चार्जचा कागद, त्यावर तपासणीचा निकाल. पोरीला दिवस गेले होते. आणि तुमच्या या लेखिकेने, चष्मा नाकावर घेऊन, सगळ्या खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अगं बाई! अहो मामा होणार तुम्ही! पेढे आणा आधी, मग कागद!"

बाळूदादाने आधी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग हसला. "आनतो की मावशी. दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स द्या बरं का."

दिल्या. पाठपोट. काम कसं चोख! पाठीमागे काय लिहिलंय ते मी वाचलंसुद्धा नाही. मला कागद भराभर काढून देण्याचा अभिमान होता ना. ते मी वाचलं आठवड्याने, आणि तेव्हा वाचून काही उपयोग नव्हता.

आठवड्याने सविता स्वतः आली. मी तिला ओळखलं नाही, कारण मी तिला कधी बघितलंच नव्हतं. फक्त तिच्या पोटात काय आहे ते मला माहीत होतं. ओढणी डोक्यावरून घेतलेली, चपला चिखलाने माखलेल्या. खिडकीला दोन्ही हातांनी धरून तिने विचारलं, "मावशी, माझे कागद कुनाला दिले?"

नंबर बघितला आणि मी आनंदाने म्हटलं, "अगं, तू होय! तुझ्या भावाला दिले की!"

"कोनत्या भावाला?"

"आता तुला भाऊ किती आहेत ते मला काय ठाऊक?"

"मला भाऊच नाई, मावशी. आमी तिघी बहिनीच हाव."

माझ्या हातातलं पंचिंग मशीन तसंच राहिलं. ती आवाज न चढवता सांगत होती, तेच जास्त लागत होतं. तिला ब्रेक दिला होता. ब्रेक हा ठेकेदारांचा शब्द. काढून टाकलं म्हणायचं नाही, 'ब्रेक दिला' म्हणायचं, म्हणजे जणू चहाला पाठवलंय. सकाळी ती गेटवर गेली तर कार्ड लागेना. ठरावीक हजेरी भरली असती तर तिला बाळंतपणाची पगारी रजा लागू झाली असती. थोडेच दिवस राहिले होते. तेवढे दिवस कुणाला कळू न देता ती उभी राहणार होती. नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं, कारण तो आनंदाच्या भरात भोसरीभर सांगत सुटला असता, आणि तिथून चाकणला बातमी यायला काय वेळ? आईला फोनवर सांगितलं नव्हतं. एका माणसाला सांगितलं होतं. पडद्याआड, डॉक्टरला.

ती गेल्यावर मी फाईल काढली आणि मागची बाजू वाचली. डॉक्टर तरुण होता, अक्षर भयाण, पण माणूस नीट. त्याने लिहिलं होतं : पेशंटची विनंती, गरोदरपणाबाबत कंपनीत किंवा सोबतच्या व्यक्तीस सांगू नये.

ती विनंतीसुद्धा मी झेरॉक्स काढून बाळूदादाला दिली होती. पाठपोट.

राग कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी नुसती चिडायची. नवऱ्यावर, दूधवाल्यावर, मुलाच्या मार्कांवर. हा राग वेगळा होता. तो पहिला माझ्यावर आला, पण माझ्यावर मावेना.

मी उठले आणि ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. वातानुकूलित खोली, टेबलावर हसणाऱ्या गणपतीची काचेची मूर्ती. मी म्हटलं, "साहेब, माझ्या हातून चूक झाली. पेशंटच्या परवानगीशिवाय कागद बाहेर गेला. आपण कंपनीला पत्र लिहू, की हा कागद चुकून दिला गेला, तो परत करा, त्यावरून काही कारवाई केली असेल तर मागे घ्या. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

साहेब हसले. "झेरॉक्स परत मागणार, मॅडम?"

"हो."

"मॅडम, इमोशनल होऊ नका. त्या कंपनीशी आपलं टायअप आहे. ती माणसं पेशंट पाठवतात, बिल तीच भरतात. ज्याने बिल भरलं त्याला कागद दिले, तर एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! हे वाक्य त्यानंतर मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की कुणी ते म्हणायला ओठ हलवले तरी मला त्याचा वास येतो.

सांगून ठेवते, एवढं काय त्यात ते. फाईलचा कागद, पुठ्ठा, टाका हे रुग्णालयाचं. त्यावर लिहिलेलं सगळं पेशंटचं. ती माहिती कुणाला द्यायची, किती द्यायची, कशासाठी द्यायची, हे ठरवणार पेशंट. तो शुद्धीवर असेल, सज्ञान असेल, तर त्याच्या वतीने नवरा नाही, बायको नाही, सासू नाही, बिल भरणारा तर नाहीच नाही. न्यायालयाने मागवलं, पोलिसांनी गुन्ह्याच्या तपासात लेखी मागितलं, साथीचा आजार सरकारला कळवायचा असला, तर गोष्ट वेगळी, त्याला नियम आहेत. आणि पेशंटने स्वतः मागितलं तर त्याला नक्कल तीन दिवसांच्या आत द्यायची, हाही नियमच. पण आमच्याकडे उलटी गंगा. कंपनीच्या माणसाला पाच मिनिटांत पाठपोट, आणि ज्याचं शरीर त्याला 'उद्या या, साहेब नाहीत, अर्ज द्या, बिल दाखवा'. हा उलटेपणा कुण्या एका दुष्ट माणसाने केलेला नव्हता. तो माझ्यासारख्या हसऱ्या बायकांनी खिडकीखिडकीत चालवला होता.

साहेबांनी पत्र लिहिलं नाही. मग मी अर्धी रजा टाकली आणि त्या कंपनीच्या गेटवर गेले. बरोबर आमच्या वॉर्डातली आया, हौसाबाई. निघोज्याचीच. सविता राहायची ती खोली तिच्या बहिणीच्या चाळीतली. रिक्षात बसल्या बसल्या तिने मला विचारलं, "मॅडम, तुमी पेढं मागितलं, ह्ये खरं हाय?"

"खरं आहे."

"त्या बाळ्याकडं?"

"हो गं बाई."

"आवो, त्यो आमच्या चाळीत कामाला मानसं गोळा कराया येतो, तवा आमी त्याला पानी बी इचारत न्हाई. आन तुमी पेढं मागितलं!" आणि ती गेटपर्यंत रिक्षाबाहेर बघत बसली.

गेटवर वॉचमन. नाव लिहा, मोबाईल नंबर लिहा, ओळखपत्र दाखवा, कुणाला भेटायचं, काय काम, आतून परवानगीचा फोन येऊ द्या. पिशवी उघडा. त्यातला माझा डबासुद्धा त्याने उघडून बघितला, भेंडीची भाजी होती. मग म्हणाला, "आंटी, मोबाईल दिखाओ," आणि माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर त्याने एक लाल चिकटपट्टी लावली. आतल्या मशिनचा कुणी फोटो काढू नये म्हणून.

मी त्या चिकटपट्टीकडे बघतच राहिले. कंपनीच्या मशिनचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून भिंत, तारा, वॉचमन, वही, चिकटपट्टी. आणि एका बाईच्या पोटातली गोष्ट याच गेटमधून एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आत गेली. तिला कुणी विचारलं नाही, की बाई, तुझा पास कुठाय?

एवढं होऊन आत सोडलं नाहीच. बाळूदादाच बाहेर आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, तोंडभर हसू.

"नमस्कार मावशी! इकडं कुठं उन्हाचं?"

मी म्हटलं, "तू तिचा भाऊ नाहीस."

"मी कधी म्हनलं, हाव? तुमच्या कॉम्प्युटरनं म्हनलं."

"तो कागद परत दे."

"तो वर गेला, मावशी. आता मी जरी मागितला तरी मला बी देनार नाईत. अन् मी काय खिडकीत हात घालून चोरला का? तुमी दिला. हसत दिला."

"पोरीला परत घे कामावर."

"उभ्याचं काम हाय. उद्या तिला काय झालं म्हंजे तुमीच म्हनाल, बाळ्यानं मारली. मी तिच्या भल्याचंच केलं."

"मग बसायचं काम दे तिला."

त्यावर तो पहिल्यांदा खरं बोलला. "बसायचं काम माझ्या हातात असतं, तर मी इथं उन्हात उभा असतो का, मावशी?"

मी परत वळले. तो मागून म्हणाला, "तुमचे पेढे राहिलेत बरं का!"

हौसाबाईने तिथल्या तिथे त्याला ज्या शिव्या दिल्या त्या या अंकात छापता येणार नाहीत. निघोज्याच्या शिव्या आहेत, त्यांना पिढ्यांची मेहनत लागते. मला त्या वेळी लाज वाटली. आज वाटतं, हौसाबाईच्या मागे उभी राहून मी निदान 'व्हय, व्हय' तरी म्हणायला हवं होतं.

सविताला कामावर कुणी घेतलं नाही. महिन्याभरात खोलीही सुटली.

त्यानंतर मी बदलले. चांगली झाले असं म्हणत नाही, खाष्ट झाले. टेबलावरची नावाची पाटी काढली आणि तिथे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : पेशंटची सही आणा. हसणं बंद, बाळा म्हणणं बंद. एक साधा अर्ज मी स्वतः तयार केला. पेशंटचं नाव, कुठले कागद द्यायचे, कुणाला द्यायचे, कशासाठी, कधीपर्यंत ही परवानगी चालेल, आणि खाली सही. 'सगळी फाईल द्या' असं कुणी लिहिलं तर मी परत पाठवायची. दात काढल्याच्या विम्याला बाळंतपणाचे कागद कशाला?

मग आमच्या खिडकीवर एक एक नमुने येऊ लागले. की आधीही येत होते आणि मी त्यांना हसून कागद देत होते, देव जाणे. एकदा एक धोतर-टोपीतले गृहस्थ आले, बरोबर पाहुण्यांचा गोतावळा. "मुलीची सोयरीक जमतीये. तुमच्याकडं तिचं काहीतरी ऑपरेशन झालंय म्हणतात. नुसतं बघायचंय, नेणार न्हाई."

मी म्हटलं, "मुलगी कुठाय?"

"मुलगी कशाला? आमी मुलाकडचे."

"मग मुलाची फाईल दाखवू? त्याची सही घेऊन या. मुलीकडच्यांना मी बोलावते."

मंडळी जी वळली ती चहालासुद्धा थांबली नाहीत. हे मी रंगवून सांगते, कारण जिंकल्याची आठवण मला एवढी एकच आहे. बाकी हरलेच.

सगळ्यांत मोठी हार अशी. एका कंपनीने सगळ्या कामगारांची आरोग्य तपासणी आमच्याकडे करून घेतली. कामगारांना सांगितलं, तुमच्या तब्येतीसाठी आहे. फुकट डोळे, फुकट साखर, फुकट छाती. माणसं खूश. आणि नंतर कंपनीकडून निरोप आला, नावासकट सगळी यादी पाठवा. कुणाला साखर, कुणाला फिट येते, कुणाला पूर्वी टीबी होता. काम करायला लायक की नाही, एवढंच विचारलं असतं तर समजण्यासारखं होतं. त्यांना सगळं हवं होतं. मी साहेबांना सांगितलं, एकेकाची सही आणा, देते. साहेब म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तुम्ही नका देऊ." मला वाटलं, जिंकले! पुढच्या आठवड्यात कळलं, यादी वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवरून ईमेलने कधीच गेली. मी खिडकीत दंड थोपटून उभी, आणि माल मागच्या दाराने रवाना. त्यातल्या कुणाकुणाला ब्रेक मिळाला, ते मला कधीच कळलं नाही. कळलं नाही म्हणून त्या लोकांची नावंही मला माहीत नाहीत, ज्यांची माफी मागावी.

नव्या मुली शिकायला यायच्या. त्यांना मी पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवून सविताची गोष्ट सांगायची. पेढ्यांसकट. मुली आधी हसायच्या, मग पुठ्ठ्यावरचं वाक्य परत वाचायच्या. ती गोष्ट ऐकलेली एकही मुलगी पुढे सहीशिवाय कागद देताना मी पाहिली नाही. मला त्या गोष्टीचा फार अभिमान होता. मनात म्हणायची, चला, पोरीच्या नुकसानातून काहीतरी चांगलं झालं.

निवृत्त झाले. मुलगा वाकडला राहतो, चौदाव्या मजल्यावर, मी त्याच्याकडे. नातवंडांना मी पत्त्यांत फसवते, ती मला मोबाईलमध्ये फसवतात, असं बरं चाललंय. मागच्या वर्षी माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. मुलाच्या कंपनीचा विमा, मोठं चकाचक रुग्णालय. भरती होताना एका गोड मुलीने पाटीएवढा मोबाईल माझ्यापुढे धरला. "आजी, इथे बोटाने सही करा. इथे. आणि इथे." पोटात दुखत होतं, चष्मा सुनेच्या पर्समध्ये होता. मी केल्या सह्या. दोन आठवड्यांनी घरी एक टोपली आली. फळं, चॉकलेट आणि एक छापील कार्ड. मुलाच्या कंपनीकडून. 'आपल्या मातोश्री गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेतून लवकर बऱ्या होवोत.' खाली सहा-सात अनोळखी माणसांच्या सह्या.

मी मुलाला विचारलं, "ही सगळी माणसं माझ्या पिशवीची विचारपूस कशी काय करतायत?"

"आई, विम्याचं काम आमच्या ऑफिसमधूनच होतं. तूच परवानगी दिलीस, सही आहे तुझी. प्रेमाने पाठवलंय गं त्यांनी. एवढं काय त्यात?"

मी त्या टोपलीतलं एकही फळ खाल्लं नाही. प्रेमानेच पाठवलं होतं, हे मला माहीत आहे. मी पेढे मागितले तेही प्रेमानेच. त्या प्रेमाचीच तर मला चीड आहे. चोराला निदान माहीत असतं की आपण चोरी करतोय. आम्ही प्रेमळ माणसं दुसऱ्याचं गुपित हातात घेऊन, हसत हसत, चारचौघांत मिरवतो, आणि वर त्याने आपले आभार मानावेत अशी अपेक्षा करतो. आता नवे कायदे आलेत म्हणतात. येऊ देत. पाटीएवढ्या मोबाईलवर बोटाने सही घेणारी ती गोड मुलगी आजीला तिचा चष्मा कधी शोधून देणार, ते आधी सांगा.

त्या टोपलीनेच मला हे लिहायला बसवलं. पण लिहायचं तर सविताची परवानगी हवी. हौसाबाई अजून खणखणीत आहे, तिने बहिणीच्या जुन्या भाडेकरूंतून शोधत शोधत नंबर मिळवला. सविता कुठे भेटली, आता काय करते, बरोबर कोण होतं, यातलं काही मी सांगणार नाही. भेटली, एवढं पुरे.

मी आधी माफी मागितली. पाठ करून गेले होते. तिने ऐकून घेतलं, हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मग मी माझ्या फुशारकीवर आले. म्हटलं, "सविता, तुझं वाया नाही गेलं बघ. मी प्रत्येक नव्या मुलीला तुझी गोष्ट सांगत आले. सगळी. त्यामुळे कितीतरी जणींचे कागद बाहेर जायचे वाचले."

"माझं नाव घेऊन?"

"हो, म्हणजे... आमच्या खोलीतल्या खोलीतच."

"गाव?"

मी मान डोलावली.

"दिवस गेलते, ते बी सांगितलं?"

"अगं, त्याशिवाय गोष्ट कशी कळणार त्यांना?"

ती माझ्याकडे बघून हसली. बाळूदादासारखं नाही. तिचं ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे मावशी," ती म्हणाली, "तुमी आजून पेढेच मागत फिरताव की."

एवढी वर्षं त्या खिडकीत बसून सही, सही म्हणून कोकलणारी मी. सगळ्या पंचक्रोशीची सही मागितली, एकीची सोडून.

मी पर्समधून अर्ज काढला. तोच माझा जुना, हाताने लिहिलेला. काय लिहिणार, कुठे छापून येणार, कुठलं नाव घालणार. तिने तो सावकाश वाचला, दोनदा. माझं पेन घेतलं, काही ओळी आडव्या रेघेने खोडल्या, एका ओळीवर एवढ्या जोरात पेन फिरवलं की कागद फाटला. मग सही केली. कागद माझ्याकडे सरकवला, पण त्यावरचं बोट काढलं नाही, आणि म्हणाली,

"लिवा. बाळ्यानं काय केलं ते लिवा, तुमी काय केलं ते बी लिवा. पन पुढं माझं अन् माझ्या पोटातल्याचं काय झालं, ते कुनी बी विचारू द्या, तुमचा पेपरवाला विचारू द्या, रडून विचारू द्या. सांगायचं, पेशंटची सही नाई."